शून्याच्या खालचा स्विच

उणे सप्लायशी माझी खरी गाठ पडली ती ग्राफिक डिस्प्लेमुळे. त्याआधी ऑप-अँपच्या सर्किटमध्ये प्लस-मायनस बारा व्होल्ट वापरलेले होते. पण ते सेंटर टॅप ट्रान्सफॉर्मरमधून यायचे, ७८१२ आणि ७९१२ मधून निघायचे आणि मुकाट्यानं आपापल्या पिनवर जाऊन बसायचे. मेन स्विच चालू केला की दोन्ही आले, बंद केला की दोन्ही गेले. त्यांत आधी कोण आणि नंतर कोण, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

भोसरीच्या आमच्या युनिटमध्ये साखर कारखान्यांच्या आणि केमिकल कंपन्यांच्या प्रयोगशाळांसाठी पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी मीटर अशी उपकरणं बनायची. दोन ओळींचा, सोळा अक्षरांचा डिस्प्ले ग्राहकांना अपुरा वाटू लागला. त्यांना स्क्रीनवर आलेख हवा होता. म्हणून आम्ही २४० बाय १२८ ठिपक्यांचा डिस्प्ले घेतला, त्यावर तोशिबाचा टी६९६३सी कंट्रोलर होता. त्याच्या लॉजिकला ५ व्होल्ट लागायचे आणि काचेसाठी उणे १५ च्या आसपास. डेटाशीटच्या एका कोपऱ्यात छोटीशी आकृती होती. आधी ५ व्होल्ट, मग सिग्नल, आणि सगळ्यांत शेवटी उणे सप्लाय. बंद करताना बरोबर उलट.

या क्रमामागे ठोस कारण आहे. काचेतल्या द्रवस्फटिकावर दाब सतत उलटसुलट फिरता राहावा लागतो आणि ते काम कंट्रोलर करतो. लॉजिक जागं व्हायच्या आधीच उणे १५ तिथे पोचले, तर दाब एकाच दिशेनं काचेवर उभा राहतो. त्यानं काचेच्या आत रासायनिक क्रिया सुरू होते आणि डिस्प्ले हळूहळू खराब होतो. शिवाय ड्रायव्हर चिप लॅच होण्याची भीती असते ती वेगळीच. म्हणजे उणे १५ ची लाइन प्रोसेसरनं स्वतः, आपल्या सवडीनं जोडायची आणि तोडायची. आणि प्रोसेसरला तर शून्य आणि पाच एवढंच ठाऊक.

वरच्या बाजूला हे काम अगदी सोपं असतं. एनपीएन ट्रान्झिस्टरचा एमीटर ग्राउंडला, बेसला प्रोसेसरच्या पिनवरून एक रेझिस्टन्स, कलेक्टरमध्ये रिले किंवा दिवा. पिन वर गेली की चालू, खाली आली की बंद. कॉलेजात पहिल्या महिन्यात शिकवतात ते हेच. आता त्याच ट्रान्झिस्टरचा एमीटर उणे १५ वर नेऊन पाहा. प्रोसेसरनं शून्य दिलं म्हणजे आपल्या लेखी 'बंद'. पण ते शून्य एमीटरच्या १५ व्होल्ट वर आहे, म्हणून ट्रान्झिस्टर कडकडीत चालूच राहतो. पाच दिले तर २० व्होल्ट वर. पिननं काहीही केलं तरी तो बंद होत नाही. उलट बेस उणे १४.३ वर बसलेला असल्यामुळे पिनलाच ग्राउंडच्या खाली ओढायला लागतो. पिनच्या आतला संरक्षक डायोड वाहू लागतो आणि ज्यानं हुकूम द्यायचा तो प्रोसेसरच धोक्यात येतो.

मला हे कागदावर कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. ते समजावलं आमच्याकडे सल्लागार म्हणून येणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांची उभी हयात उणे ४८ व्होल्टवर गेलेली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं प्लस टोक जमिनीला जोडतात आणि सगळं काम मायनसवर चालतं. ओलाव्यात गाडलेल्या केबलचं तांबं जमिनीच्या मानानं उणे राहिलं तर ते गंजून झिजत नाही, म्हणून ही पद्धत पडली. आम्ही ज्याला उलटं म्हणत होतो ते त्यांना सरळ होतं.

काकांनी माझ्या हातातलं मल्टिमीटर घेतलं आणि काळी लीड ग्राउंडवरून काढून उणे १५ च्या लाइनवर ठेवली. म्हणाले, "आता वाच." ग्राउंडवर लाल लीड लावली तर १५. पाच व्होल्टवर लावली तर २०. "विहिरीच्या काठावर उभा राहून तू काठाला शून्य म्हणतोस. जो तळाशी उभा आहे त्याच्यासाठी तोच काठ पंधरा पुरुष वर आहे. ट्रान्झिस्टर तळाशी उभा आहे, बाळा. त्याचा शून्य त्याच्या एमीटरवर."

त्या दिवसापासून उणे सप्लायचं बोर्ड हातात आलं की मी काळी लीड आधी उणे लाइनवर ठेवतो. गेटवर किंवा बेसवर काय आहे ते एमीटरच्या किंवा सोर्सच्या मानानं वाचलं की सर्किट वाचायला सोपं होतं. ग्राउंडवरून मोजून मनात वजाबाकी करत बसणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांची वजाबाकी चुकत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या मापाला कुठला आकडा कशाच्या मानानं होता ते विसरतं.

आमचं पहिलं सर्किट असं होतं. प्रोसेसर एटी८९सी५१, म्हणजे ८०५१ च्या घराण्यातला. या घराण्याच्या पिनांचा स्वभाव वेगळा आहे. खाली ओढायला त्या बऱ्यापैकी दणकट, पण वर ढकलायला अगदी अशक्त, कसेबसे काही मायक्रोअँपिअर. आणि रिसेटला सगळ्या पिना वर असतात. म्हणून बीसी५५७ हा पीएनपी घेतला, त्याचा एमीटर ५ व्होल्टवर, बेस १० के मधून पिनला. पिन वर असताना तो बंद, पिन खाली आली की चालू. त्याच्या कलेक्टरमधून १० के खाली आला २एन७००० च्या गेटवर, आणि गेटपासून सोर्सला, म्हणजे उणे १५ ला, दुसरा १० के. वरून खालपर्यंत २० व्होल्ट, वाटेत २० के, म्हणजे १ मिलिअँप. गेट सोर्सच्या १० व्होल्ट वर. मॉस्फेट चालू. पीएनपी बंद झाला की खालचा १० के गेटला सोर्सपर्यंत ओढून ठेवतो आणि मॉस्फेट बंद. रिसेटमध्ये पिना वर असल्यामुळे डिस्प्लेला उणे सप्लाय आपोआप तुटलेलाच असायचा, जसा हवा तसा. प्रोसेसरचा स्वभाव आणि सर्किटचा स्वभाव जुळलेले होते.

जुळणीचं महत्त्व कळलं ते ती मोडली तेव्हा.

एका ग्राहकाकडची उपकरणं परत येऊ लागली. त्यांनी त्यांचं बोर्ड स्वतः नव्यानं केलं होतं. जुना प्रोसेसर काढून ३.३ व्होल्टचा एआरएम बसवला होता. बाकीचं सर्किट चालत होतं म्हणून जसंच्या तसं ठेवलं होतं आणि डिस्प्लेचा स्विचही तोच होता. सुरुवातीला सगळं छान. काही महिन्यांनी स्क्रीनवर मागच्या चित्राची सावली राहू लागली, काही स्क्रीन फिक्या पडल्या. सगळ्यांनी दोष डिस्प्लेच्या लॉटला दिला. पुरवठादाराशी पत्रव्यवहार झाला, दुसरा लॉट मागवला गेला. त्याचंही तेच झालं.

बोर्ड माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी काळी लीड उणे लाइनवर ठेवली आणि लाल गेटवर. १० व्होल्ट. प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवलं. तरी १० व्होल्ट. प्रोग्राममधून स्विच बंद करायला लावला. तरीही गेट जागचं हललं नाही.

हिशेब वहीच्या समासात मावेल एवढा आहे. पीएनपीचा एमीटर अजून ५ व्होल्टवर होता. नवा प्रोसेसर 'वर' म्हणतो तेव्हा देतो ३.३. बेसला ५ वजा ०.७, म्हणजे ४.३ च्या वर नेल्याशिवाय हा ट्रान्झिस्टर बंद होत नाही. ४.३ आणि ३.३ मधला १ व्होल्ट १० के वर पडतो आणि ०.१ मिलिअँप बेस करंट वाहत राहतो. बीसी५५७ चा गेन शंभराच्या वर. कलेक्टरला हवा होता जेमतेम १ मिलिअँप. म्हणजे पिन वर असो वा खाली, पीएनपी पूर्ण चालू. उणे १५ कायम जोडलेले, आणि दर सकाळी मेन स्विच दाबला की लॉजिक जागं व्हायच्या आधीच ते काचेवर हजर.

स्विच तुटलाच नाही तर ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डिस्प्ले दिसत असतो. दिसत नसता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. काम चालू ठेवून हळूहळू नुकसान करणारा हा बिघाड मला सगळ्यांत घातक वाटतो. त्यांच्या तयार बोर्डांवर आम्ही पीएनपीच्या एमीटरचा ट्रॅक कापला आणि वायर मारून तो ३.३ च्या लाइनला नेला. तेवढ्यानं भागलं.

नव्या डिझाइनसाठी मात्र मी दुसरा मार्ग धरला. कामात जे काही शिकलो त्यात मला सर्वांत प्रिय आहे ते हेच सर्किट. पीएनपी तोच, पण आता त्याचा बेस थेट ग्राउंडला. पिनवरून रेझिस्टन्स येतो तो एमीटरला. कलेक्टर खाली गेटला, आणि गेट ते उणे लाइन १० के. पिन ३.३ वर गेली की एमीटर ०.७ वर धरला जातो, उरलेले २.६ व्होल्ट २.७ के वर पडतात आणि जवळजवळ १ मिलिअँप आत शिरतो. बेसला त्यातला नगण्य भाग जातो, बाकी सगळा कलेक्टरमधून खाली. खाली १० के वर त्याचे होतात १० व्होल्ट. पिन शून्यावर आली की करंट संपला. रिसेटमध्ये पिन लोंबकळत असली तरी करंट नाही.

यात गंमत कुठे आहे पाहा. तो १ मिलिअँप किती असावा हे फक्त वर ठरतं, पिनचा दाब आणि २.७ के यांच्यात. खाली उणे १२ असोत, १५ असोत की २४, कलेक्टरला फरक पडत नाही. गेट आपल्या सोर्सपासून मोजून १० व्होल्टच वर जातं. जुन्या सर्किटमध्ये दोन रेझिस्टन्सची वाटणी होती, म्हणून खालची लाइन हलली की गेटही हलायचं. नियमन नसलेल्या सप्लायवर ती हलायचीच. मोठ्या लाइनवर तर २एन७००० च्या गेटची २० व्होल्टची मर्यादा सांभाळायला झेनर लावावा लागायचा. इथे ती चिंताच उरली नाही. व्होल्टेज कुठून मोजायचं यावर वाद घालता येतो, करंटवर घालता येत नाही. तो वर जेवढा शिरतो तेवढाच खाली निघतो, मधलं अंतर कितीही असो. दोन वेगळ्या शून्यांमध्ये निरोप पोचवायचा असेल तर तो करंटनं पाठवावा, हे मी पुढे कितीतरी ठिकाणी वापरलं.

एवढ्या साध्या जागी पीएनपीची मर्यादा विसरू नये. एका कामात हेच सर्किट उणे ४८ वर लावायचं होतं. नकाशात बीसी५५७ लिहिलेला होता. त्याच्या कलेक्टर-एमीटरची मर्यादा ४५ व्होल्ट. आणि उणे ४८ म्हणजे नावाला ४८. शिसे-आम्लाचे २४ सेल, फ्लोट चार्जिंगवर प्रत्येकी सव्वादोन व्होल्ट धरले तरी ५४ होतात. स्विच बंद असताना ते सगळे ट्रान्झिस्टरवर उभे राहतात. टेबलावर काही तास चालतो आणि मग एका रात्री जातो. बीसी५५६ ची मर्यादा ६५ आहे. पण चार्जर चढला तर तीही पुरेल अशी खात्री नव्हती, म्हणून बुधवार पेठेतून ३०० व्होल्टचे एमपीएसए९२ आणले. किमतीतला फरक चहाइतकाही नव्हता.

उणे लाइनवर काम करताना हत्यारंही अंगावर येतात. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप आतून थेट मेनच्या अर्थिंगला जोडलेली असते. आमच्या उपकरणाचा शून्यही बॉडीमार्गे अर्थला जायचा. नव्यानं आलेल्या एका मुलानं, एमीटर हाच ट्रान्झिस्टरचा शून्य हे मनापासून पटल्यामुळे, क्लिप सरळ उणे १५ ला लावली. सप्लाय शॉर्ट झाला, प्रोबची बारीक वायर काळी पडली. शेजारच्या टेबलावरून सल्ला आला, "स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाक, मी असंच करतो." मी तेव्हा आवाज चढवला, आणि आजही चढवीन. अर्थिंग काढलेला स्कोप म्हणजे ज्या लाइनला क्लिप लावली त्या लाइनवर गेलेली पत्र्याची पेटी. उणे १५ ला कदाचित काही होणार नाही, पण उद्या तोच स्कोप एसएमपीएसच्या मेनच्या बाजूला लागतो. दोन प्रोब घ्या, एक गेटवर, एक सोर्सवर, दोन्ही क्लिपा ग्राउंडवर, आणि स्कोपलाच वजाबाकी करू द्या. त्यासाठी तो बटण देतो.

७९१२ चंही तसंच. ७८१२ चा पाठीमागचा पत्रा ग्राउंडला असतो म्हणून लोक तो थेट हीटसिंकला आवळतात. ७९१२ चा पत्रा त्याच्या इनपुटला असतो, आणि पिनांचा क्रमही वेगळा. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय बसवलं की उणे इनपुट शॉर्ट. अभ्रक आणि बुश विसरू नये.

पुढे पुढे मी एक प्रश्न आधी विचारू लागलो. ही उणे लाइन येते कुठून? ट्रान्सफॉर्मरमधून येत असेल तर ती तोडायला वर सांगितलेलाच मार्ग. पण हल्ली ती बहुधा प्लसपासूनच बनवलेली असते. छोट्या डिस्प्लेचा कॉन्ट्रास्ट लोक मॅक्स२३२ च्या ६ नंबरच्या पिनवरून चोरायचे. ५ पासून उणे ५ हवे असले तर आयसीएल७६६०. जास्त हवे असले तर एमसी३४०६३ ची उलटी जोडणी. अशा वेळी शून्याच्या खाली उतरायचंच कशाला? कन्व्हर्टरला जाणारा प्लस सप्लाय तोडला की उणे बनणंच थांबतं, कारण त्या जोडणीत इनपुटपासून आउटपुटकडे दुसरी वाट नसते. वरच्या बाजूचा स्विच कुणालाही जमतो. कठीण प्रश्न सोडवता येतो म्हणून तो ओढवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त एक धरून चालावं, की कन्व्हर्टरच्या आउटपुट कपॅसिटरमधला उणे साठा लगेच जात नाही. क्रम मिलिसेकंदांवर आला असेल तर स्विच उणे लाइनमध्येच हवा.

प्रत्येक ठिकाणी उणे शेवटीच यावं असंही नाही. आरएफवर काम करणाऱ्या एका मित्राच्या गॅलियम नायट्राइड अँप्लिफायरला उणे आधी लागतं. गेटला उणे दाब नसेल तर तो ट्रान्झिस्टर स्वभावतः चालूच असतो, आणि तशात ड्रेनला सप्लाय आला की करंट मोकाट सुटून तो जळतो. त्याच्याकडे उणे लाइन जागेवर आहे याची खात्री झाल्यावरच प्लसचा स्विच चालू होतो. सर्किट माझंच, दिशा उलटी.

डिस्प्लेच्या कामात सगळ्यांत जास्त वेळ मी दिला तो बंद होण्याच्या क्षणाला. चालू करताना प्रोसेसर जागा असतो, तो क्रम पाळतो. वीज जाते तेव्हा कोण कुणाला विचारणार? ५ व्होल्ट हळूहळू खाली येतात आणि पिनही त्यांच्याबरोबर खाली येते. पिनवर २ व्होल्ट उरले तरी ४.७ के मधून (५ व्होल्टच्या पिनसाठी २.७ के ऐवजी तो असायचा) पाव मिलिअँपच्या वर करंट जातो, गेटवर पावणेतीन व्होल्ट उभे राहतात, आणि २एन७००० तेवढ्यावर अर्धवट चालू राहू शकतो. लॉजिक मेलेलं आणि उणे जिवंत, म्हणजे नको ती अवस्था. तेव्हा एव्हीआर प्रोसेसर वापरत होतो. त्यातला ब्राउन-आउट ४ व्होल्टला लावला. सप्लाय ४ च्या खाली आला की प्रोसेसर रिसेटमध्ये जातो, पिन सुटते, करंट शून्य. आणि डिस्प्लेच्या बाजूला १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला समांतर ४.७ के, म्हणजे साठलेले उणे व्होल्ट वीस मिलिसेकंदांच्या आत निघून जातात. तो रेझिस्टन्स सतत ३ मिलिअँप खातो म्हणून खर्चवाल्यांनी त्यावर बोट ठेवलं होतं. मी तो काढू दिला नाही.

आमच्या प्रॉडक्शनच्या तपासणीच्या कागदावर आता एक ओळ आहे. स्कोपचा एक चॅनेल ५ व्होल्टवर, दुसरा डिस्प्लेच्या उणे पिनवर, आणि चालू उपकरणाचा प्लग भिंतीतून खेचून काढायचा. स्विचनं बंद करायचं नाही, खेचायचाच, कारण कारखान्यात वीज तशीच जाते. उणे रेघ आधी शून्यावर चढली आणि पाचची रेघ त्यानंतर खाली आली, तरच सही.